आवाज नसलेली अकरा मिनिटं

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे आणि नोकरीही अजून आहे. मेसेज का केला नाही, तर मेसेजवर हल्ली तू फक्त ‘बरं’ लिहितेस, आणि मला जे सांगायचं आहे त्याला ‘बरं’ एवढं उत्तर येऊन भागणार नाही. शिवाय पत्र तू दोनदा वाचतेस. एकदा उभ्याउभ्या, खांद्यावरची पिशवीसुद्धा न काढता. आणि मग जेवणं आटोपल्यावर, कारखान्यात कापडाचं ठाण तपासतेस तसं, ओळीओळीवरून बोट फिरवत. हेही तसंच वाच. काय ठरवायचं ते दुसऱ्या वाचनानंतर ठरव.

आई सगळ्यांना सांगते की मी ‘कॉम्प्युटरमध्ये’ आहे, जसं काही मी त्याच्या आतच राहते. खरं काम असं आहे की दुसऱ्यांनी टिपून आणलेली शेकडो तासांची चित्रं आणि आवाज आम्ही निवडतो, कापतो, जोडतो आणि त्यांची फिल्म करतो. चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. एका खोलीत बाई बसतात, फिल्म त्यांची. दुसरीत अण्णा आणि मी. अण्णा मुख्य संकलक, साठी उलटलेले, कानाला हेडफोन आणि खिशात खडीसाखर. मी त्यांच्या हाताखाली. सध्याची फिल्म एका मागाच्या शेडवर आहे, बाबांच्या शेडसारखीच. दोन वर्षांपूर्वी तिथे मागाच्या पट्ट्यात हात सापडून एक मागवाला गेला. मालकांचं म्हणणं, काम लवकर उरकावं म्हणून त्यानंच पट्ट्यावरची जाळी काढून ठेवली होती. त्याची बायको त्याच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरते, तिला आम्ही सगळे वहिनी म्हणतो. मुलगी चौथीत आहे. वर्गात कुणीतरी तिला म्हणालं, तुझ्या बाबांनी स्वतःच स्वतःला मारलं. तेव्हापासून ती मागच्या बाकावर जाऊन बसते. वहिनी बाईंना एवढंच म्हणाली, “मला दुसरं काही नको. पोरगी पुढच्या बाकावर बसली पाहिजे.” येत्या शुक्रवारी चौकशी समितीसमोर सुनावणी आहे आणि तिथे आमच्या फिल्ममधला एक भाग दाखवायचा आहे. फक्त अकरा मिनिटांचा.

त्या अकरा मिनिटांत शेडचा जॉबर बोलतो. माग दुरुस्त करणारा, तिथला सगळ्यांत जुना माणूस. तो कॅमेऱ्यासमोर यायला तयारच नव्हता. तयार झाला तेव्हा म्हणाला, बोलेन तर शेडमध्येच, आणि तेही सगळे माग चालू असताना. “इथं बोललो तर देवालाही ऐकू जायचं नाही,” असं म्हणून हसला म्हणे. म्हणून त्याच्या सदऱ्याला छोटा माइक लावला आणि त्याचा आवाज वेगळ्या यंत्रावर घेतला. कॅमेऱ्याला ऐकू आली ती फक्त मागांची खडखड. जाळी कुणी काढायला लावली, तो स्वतः किती वेळा नको म्हणाला, सगळं त्यानं सांगितलं. चार महिन्यांपूर्वी तो छातीच्या दुखण्यानं गेला. ते बोलणं पूर्ण ऐकलेली माणसं आता दोनच आहेत, अण्णा आणि बाई. मी नंतर कामाला लागले, माझी ऐकायची पाळी आलीच नव्हती.

आता माझ्यावर येते. आमचा कॉम्प्युटर जुना होता. एक तुकडा इकडचा तिकडे केला की तो विचारात पडायचा आणि आम्ही खडीसाखर खात बसायचो. बाईंनी नवा मागवला होता, पण अण्णांनी त्याचं खोकंही उघडू दिलं नाही. जुन्या पडद्यावर त्यांच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली होती: ‘फिल्म पूर्ण होईपर्यंत या यंत्रात आणि यातल्या सॉफ्टवेअरमध्ये काहीही बदलू नये.’ मला वाटायचं, म्हातारी माणसं नव्याला घाबरतात, त्यातलंच हे. आपले बाबा नाही का, मागावर कापड असलं की साधा खिळासुद्धा बदलू द्यायचे नाहीत. “कापड उतरू दे, मग बघू.” ते वाक्य मला त्या वेळी आठवायला हवं होतं. मला आठवलं ते माझं पदवीचं प्रमाणपत्र.

अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि ते आठवडाभर घरी होते. बाई बाहेरगावी गेल्या होत्या. सुनावणी जवळ आली होती आणि जुना कॉम्प्युटर दिवसातून चारदा बंद पडत होता. मी ठरवलं, अण्णा परत येतील तेव्हा सगळं चकाचक करून ठेवायचं. ताई, माझ्या मनात वाईट काहीच नव्हतं, उलट मी फार खुशीत होते. नवं यंत्र जोडलं, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घातली, बाहेरच्या डिस्कवरचं सगळं त्यावर उतरवलं आणि आमचं काम त्यात उघडलं. पडद्यावर प्रश्न आला: हे काम नव्या आवृत्तीत बदलायचं का? बदलल्यावर जुन्या आवृत्तीत ते पुन्हा उघडणार नाही. मी ‘हो’ दाबलं. मग एक लांबलचक यादी आली, तीनशेच्या वर फाइली सापडत नव्हत्या. वरच्या दहाबारा बघितल्या, सगळ्या ‘तात्पुरतं’ नावाच्या फोल्डरमधल्या. अशा फाइली कॉम्प्युटर स्वतःच बनवतो आणि लागल्या तर पुन्हा बनवतो, हे मला वर्गात शिकवलेलं. म्हणून ‘सगळ्या वगळा’ दाबलं. फिल्म उघडली, लोण्यासारखी चालली. जॉबरची चित्रंही जागच्या जागी होती आणि त्यांच्याखाली आवाजाची पट्टीही दिसत होती. ती मागांच्या खडखडीची होती, हे मी ऐकून बघितलं नाही. मग माझ्यातली शहाणी मुलगी आणखी एक पाऊल पुढे गेली. जुन्या कॉम्प्युटरची डिस्क मी कोरी केली आणि तिच्यावर सगळ्या कामाची दुसरी प्रत भरून ठेवली. सुरक्षित राहावं म्हणून!

अण्णा आले ते काठी टेकत. नवं यंत्र बघून त्यांनी आधी पडद्याच्या कडेला हात लावून चिठ्ठी चाचपली. चिठ्ठी मी काढून ड्रॉवरमध्ये ठेवली होती. ते रागावले नाहीत. खुर्चीत बसले, हेडफोन घातला आणि म्हणाले, “जॉबर लाव.” मी लावला. त्यांच्या तोंडाकडे बघत होते, शाबासकीची वाट बघत. त्यांनी हेडफोन काढला, फुंकर मारली, पुन्हा घातला. मग शांतपणे विचारलं, “माझं ‘तात्पुरतं’ कुठंय?”

तेव्हा मला कळलं. जॉबरचा आवाज त्यांनी दुसऱ्या फाइलींबरोबर ठेवलाच नव्हता. मालकाची माणसं एकदा चौकशीला येऊन गेली होती. तेव्हापासून अण्णांनी तो आवाज जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात, रद्दीसारख्या दिसणाऱ्या फोल्डरमध्ये लपवला होता. कुणी बाहेरची डिस्क उचलून नेली तरी हाती लागू नये म्हणून. ‘तात्पुरतं’ म्हटल्यावर कोण उघडून बघणार, असं त्यांना वाटलं, आणि त्यांचं बरोबरच होतं. मीही उघडून बघितलं नाही.

आणि ताई, तेव्हा मी खोटं बोलले. म्हणाले, अजून फाइली उतरताहेत अण्णा, दुपारपर्यंत येईल. ते बिचारे गोळी घेऊन बाकावर आडवे झाले. मी पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभी राहिले. वाटलं, काहीतरी होईल, कुठून तरी सापडेल. दुपारी बाई आल्या, त्यांना सुनावणीची प्रत हवी होती. तेव्हा मी दोघांसमोर सगळं सांगितलं, ‘सगळ्या वगळा’पासून ते कोऱ्या डिस्कपर्यंत. बाई खाली बसल्या. अण्णा म्हणाले, “चूक निम्मी माझी. लपवलेलं कुठंय ते दुसऱ्या कुणाला सांगायचं असतं.” त्यांनी ओरडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

गेलेल्या फाइली शोधून देणाऱ्या माणसाकडे डिस्क दिली. दोन दिवसांनी त्यानं सांगितलं, नुसती कोरी केली असतीत तर जमलं असतं, पण तुम्ही वरून पुन्हा भरली. आवाज टिपणाऱ्या दादाचं कार्ड तर त्यानंतर पुसून दहा लग्नांत फिरून आलेलं. तोच म्हणाला, “अण्णा, तुम्हाला बोलणं आठवतंय ना? एखाद्या म्हाताऱ्याकडून म्हणवून घेऊ. तशा खडखडीत कुणाला कळणार?” बाईंनी अण्णांकडे बघितलं, एकच क्षण, पण मी तो मोजला. अण्णांनी काठी आपटली. “मेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द घालणार? मग मालकानं काय वेगळं केलं?” विषय तिथे संपला. पण दुसरा सुरू झाला. जाळी काढायला कुणी सांगितलं यावर बाईंना आठवतंय, जॉबर म्हणाला, मोठ्या साहेबांनी, म्हणजे मालकानं, माझ्यासमोर सांगितलं. अण्णांना आठवतंय, तो म्हणाला, साहेबांच्या माणसानं येऊन सांगितलं. दोघंही शपथेवर सांगतात. समितीसमोर एवढा फरक पुरेसा आहे. मालकाचा वकील त्याच फटीत बोट घालेल आणि वहिनीची पोरगी मागच्या बाकावरच राहील.

गेल्या बुधवारी वहिनी स्वतः आली, पोरीला घेऊन. शुक्रवारी कुठे बसायचं, साडी कुठली नेसायची, असलं विचारायला. बाईंनी तिला अजून काही सांगितलं नव्हतं, आणि मला तिच्याकडे बघवेना. पोरगी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, “यात आमचे जॉबरआजोबा आहेत ना? दाखव ना.” मी काय करणार? आवाज बंद करून लावलं. तिनं पडद्याला नाक लावलं आणि म्हणाली, “बघ, आजोबा मोठ्या तोंडानं बोलतायत. आईपण शेडमध्ये असंच बोलते.”

ताई, मी पडद्याकडे वळले. आठवडाभर मी ती चित्रं बघत होते ती आवाज गेला म्हणून रडत. त्याच्या तोंडाकडे मी बघितलंच नव्हतं. चाळीस वर्षं खडखडीत काढलेला माणूस, बोलतोय अगदी बाबांसारखा. प्रत्येक अक्षर ओठांवर ठेवून, जीभ दाखवून, भुवयांनी प्रश्न विचारून. पोरगी गेल्यावर मी खुर्ची पुढे ओढली. ‘पट्टा’ दिसला. ‘तीन वेळा’ दिसलं. ‘मी म्हणालो, नको’ दिसलं. आणि पुढचं सुटत गेलं, धागे सुटावेत तसं. मला येत होतं गं हे, घरात बोलायच्या आधी येत होतं, पण मी ते मुद्दाम विसरले आहे.

आपल्या घरी बोलायच्या आधी उजेडाकडे तोंड करायचं, हे मला जगातल्या सगळ्या घरांत असतं असं वाटायचं. बाबा शेडमधून येताना ती भाषा घेऊन आले होते. तुझा ताप उतरला आणि कान गेले, तेव्हा बाकीचे रडत बसले, पण बाबांनी तुला दारात बसवून शेडमधल्यासारखं बोलायला सुरुवात केली. आई पाठमोरी बोलली तर ते तिलाच रागवायचे. मी एवढी टकळी, तरी तुझ्यासमोर माझी बडबड कधी बिनआवाजाची झाली ते कळायचंही नाही. आजी म्हणायची, या दोघी भांडतात तेव्हा घर किती शांत असतं. कॉलेजात गेले आणि पहिल्याच आठवड्यात मैत्रिणी हसल्या. तू काय तोंडानं फळ्यावर लिहितेस का, म्हणाल्या. मी आरशासमोर उभी राहून लहान तोंडानं बोलायला शिकले. तुला वाटलं असेल, मी सुट्टीत घरी येऊन कमी बोलते ती अभ्यासाच्या ताणानं. माझे ओठ तुला वाचता येईनासे झाले होते आणि तू एकदाही तक्रार केली नाहीस.

गुरुवारी मी बाईंना म्हणाले, ओठ वाचू शकेल असं एक माणूस मला माहीत आहे, माझी मोठी बहीण. बाईंनी मान वर केली. “तुला बहीण आहे? वर्षभरात कधी बोलली नाहीस.” त्यांनी सहज विचारलं. मला मात्र पदवीदानाचा दिवस आठवला.

तू निळी साडी नेसली होतीस. सभागृहाच्या पार दुसऱ्या टोकाला, दारापाशी आईबाबांच्या पुढे उभी राहून दोन्ही हात वर करून मला दाखवत होतीस की आम्ही इथे आहोत. माझ्या शेजारच्या मुलीनं विचारलं, ती हात करतेय ती कोण गं? आणि मी म्हणाले, आमच्या शेजारी राहते. तिला ऐकू गेलं नाही, गोंगाट फार होता. म्हणून मी पुन्हा सांगितलं, मोठ्या तोंडानं, आपल्या घरच्यासारखं, आणि खिडकीचा उजेड नेमका माझ्या तोंडावर होता. तुझे हात हळूच खाली आले. मग तू साडीचा पदर नीट केलास आणि जवळ आल्यावर मला मिठी मारलीस. मी स्वतःला सांगत आले की एवढ्या लांबून तुला दिसलं नसेल. कापडातला एक तुटलेला धागा तू दहा हातांवरून पकडतेस, ताई. तुला दिसलं होतं. त्या दिवसापासून तुझं ‘बरं’ सुरू झालं.

तर आता जे मागायचं आहे ते मागते. बाबांची नजर आता तेवढी राहिली नाही, म्हणून ते नाही चालणार, आणि माझी नजर मीच घालवली. ती चित्रं या खोलीबाहेर न्यायची नाहीत असा बाईंचा नियम आहे, म्हणून फोनवर पाठवता येत नाहीत. बाईंनी समितीला विचारलं, आवाज कसा गेला तेही लपवलं नाही. ते म्हणाले, ओठ वाचणारी व्यक्ती स्वतः समोर बसून सांगत असेल, आणि कुठलं वाक्य नक्की आणि कुठलं अंदाजानं हेही सांगत असेल, तर आम्ही ऐकू. तू नेहमी म्हणतेस ना, निम्मं ओठांवर असतं आणि निम्मं आपण भरतो, प-ब-म सगळे सारखेच दिसतात. तेच तिथे सांग. जे दिसणार नाही ते दिसलं नाही म्हण. अण्णा खूष होतील, बाई आणि अण्णांपैकी कुणीही खोटं ठरलं तरी. मी तुझ्या शेजारी बसून तू सांगशील ते मोठ्यानं म्हणेन, त्यात माझा एकही शब्द नसेल. गरज पडली तेव्हा बहीण आठवली, असं तू म्हणशील तर ते खरं आहे. त्यावर मला काही म्हणायचं नाही. तुला यायचं नसेल तर नको येऊस. मग वहिनीला मी स्वतः जाऊन सांगेन की तिच्या पोरीचा साक्षीदार माझ्या हातून गेला. पण जे त्या सभागृहात बोलले ते माझ्याच तोंडानं परत घ्यायचं आहे, आणि ते कागदावर घेता येत नाही, म्हणून हे पत्र लिहिलं. येत्या बुधवारी सकाळची बस साडेदहाला पोचते. मी फलाटाच्या दुसऱ्या टोकाला, तोंडावर ऊन येईल अशी उभी असेन. बाई आणि अण्णा शेजारी असतील, वहिनी आणि तिची पोरगीही. तू उतरलीस की पोरगी विचारेलच, ती कोण गं? मी काय सांगते ते तू तिथूनच वाच.

तुझीच,
टकळी